धुतलेलं स्टेशन

"ये वं सुमन लवकर, हे उठून नाही राहिले," एवढंच वहिनी फोनवर म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, तक्रार होती. नळ गेल्याचं सांगावं तशी. मी धरमपेठेत पोचले तेव्हा दादा खरोखरच झोपल्यासारखा पडलेला होता आणि त्याच्या उजव्या हाताच्या नखांत काळं होतं. शेजारच्या बाई ते पाहून हळूच म्हणाल्या, "हात पुसून द्या त्यांचे, बरं नाही दिसत." मी पुसू दिले नाहीत. ती काजळी होती. आदल्या संध्याकाळी तो कंदिलाची काजळी बोटावर घेऊन खेळण्यातल्या, वीतभर उंचीच्या पाण्याच्या टाकीला लावत बसला होता... टाकी टेबलावर अर्धी काळी, अर्धी हिरवी तशीच होती. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात 'रेल्वेप्रेमी मधुकरराव कालवश' असं छापून आलं आणि मला संताप आला. माझ्या भावाचं रेल्वेवर काडीचंही प्रेम नव्हतं. गाडीत बसला की त्याला मळमळायचं.

त्याचं प्रेम होतं ते गाडी सोडून उरलेल्या सगळ्यावर. साहेबांच्या काळात बड्या घरांतली मुलं विलायती आगगाड्यांशी खेळायची. त्या गाड्यांबरोबर येणारा सगळा सरंजाम, म्हणजे पत्र्याचे सिग्नल, दिव्यांचे खांब, फलाटावरची बाकडी, शिशाचे हमाल आणि गार्ड, दादा जन्मभर गोळा करत राहिला. सिव्हिल लाइन्समधला एखादा जुना बंगला रिकामा होतो आहे असं कळलं की हा सायकल घेऊन हजर. इंजिनं आणि डबे शौकीन लोक उचलून न्यायचे, आणि खोक्याच्या तळाशी राहिलेला मोडका सिग्नल दादा खिशात घालून आणायचा. "गाडी येते अन् चालली जाते वं, स्टेशन तिथंच राहते," असं तो मला म्हणायचा, आणि मोठा विचार सांगितल्यासारखा चष्मा पुसायचा.

नोकरी हिंगण्याच्या कारखान्यात, लोखंडी कपाटांच्या पेंट शॉपमध्ये. सकाळी कंपनीची बस पकडायची आणि दिवसभर कपाटं आरशासारखी चकचकीत करायची. कुठे एक ठिपका राहिला तर हाताखालच्या पोरांवर ओरडायचं. संध्याकाळी घरी आला की कामाची दिशा उलटी. चकचकीत विलायती वस्तू घ्यायची आणि ती मळवत बसायचं. विटेचा चुरा, चहाचं पाणी, काजळी, गंजलेल्या खिळ्यांचा भुगा, असं काय काय वाट्यांमधून मांडलेलं असायचं. विलायतेतलं ते गुळगुळीत स्टेशन त्यानं वर्षानुवर्षं बसून आपल्या छोट्या लाइनवरचं, नॅरोगेजवरचं करून टाकलं होतं. भिंतीला पावसाचे ओघळ, कोपऱ्यात पानाची पिचकारी, टाकीखाली शेवाळ. गुलाबी गालांचा गोरा हमाल उन्हानं रापलेला झाला, छत्रीवाल्या मडमेच्या अंगावर लुगडं आलं. एकदा तर मी फलाटावरच्या भिंतीचा वास घेऊन पाहिला होता, इतकं ते खरं वाटायचं.

मात्र हे सगळं तो पोस्टर कलरनं आणि कोरड्या भुकटीनं करायचा. त्याच्याकडे येणाऱ्या मंडळींत केळापुरे म्हणून एक होते, शहरातल्या अशाच हौशी लोकांच्या गटाचे पुढारी. ते कितीदा सांगायचे की वरून वॉर्निशचा हात मारा, नाहीतर हे टिकणार नाही. दादा ऐकेल तर शपथ. "दिवसभर तेच करतो ना मी. चमकली का मेली वस्तू!" कारखान्यातली चमक त्यानं त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवली होती.

उंबऱ्याबाहेर आणखी एक जण होतं. कुंदावहिनी.

पारशिवनीकडच्या शेतकरी घरातली मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा पहाटे उठून फरशी अशी पुसायची की आई म्हणायची, हिच्या हाताला धूळ घाबरते. त्याच वहिनीला आपल्याच घरातल्या एका खोलीत फडकं न्यायची मनाई होती. ती दारात उभी राहून विचारायची, "कपडा मारून देऊ काय जरासा?" आणि हा मान वर न करता म्हणायचा, "हात लावू नको. तुले नाही समजत त्यातलं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, एकदा नाही, अनेकदा. केळापुरे आले, पुण्याहून कोणी आलं, तर त्याच माणसाला वाचा फुटायची. ओघळ कसे काढले, गंज कसा चढवला, तासन्‌तास सांगत बसायचा. वहिनी चहाचा ट्रे उंबऱ्यावर ठेवायची आणि कप गोळा करायला पुन्हा उंबऱ्यापर्यंत यायची. पाहुण्यांनी नजर चोरून तिच्याकडे पाहावं, या बाईला एवढी धूळ कशी चालते म्हणून, हे तिला कळत होतं.

तेरावं झालं आणि केळापुरे आले. एका शाळेच्या सभागृहात गटाचं प्रदर्शन होतं, तिथं दादाचं स्टेशन काचेच्या पेटीत मांडायचं, खाली त्याचं नाव लिहायचं, आणि नंतर ती पेटी शाळेतच कायमची ठेवायची असं त्यांचं म्हणणं होतं. "तुमची परवानगी हवी, वहिनी," ते म्हणाले. त्या खोलीबद्दल वहिनीला कोणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. तिनं पदर सावरला आणि सावकाश मान हलवली. मला आत फार बरं वाटलं. पोरंबाळं नसलेल्या माझ्या भावाचं एवढं एक मागे राहणार होतं.

ठरल्या दिवशी सकाळी मी आणि केळापुरे पेटी घेऊन गेलो. वहिनीनं आधीच दार उघडून ठेवलं होतं. आत जुनं पातळ अंथरलेलं आणि त्यावर सगळं स्टेशन, स्वच्छ. रिठ्याच्या पाण्यात बुडवून, दात घासायच्या मऊ ब्रशनं घासून, एकेक नग उन्हात वाळवून तिनं मांडला होता. दिवाळीच्या भांड्यांसारखे ते चमकत होते. भिंती पिवळ्याधमक, टाकी हिरवीगार... आणि सगळी माणसं पुन्हा गुलाबी. हमाल गोरा, मडम मडम. माझ्या भावाचा त्यात मागमूस नव्हता.

"लोकं पाह्यले येतीन ना," वहिनी उत्साहानं म्हणाली, "म्हटलं, त्यायच्या मागं कोणी नाव ठेवू नये. केवढा मळ निघाला, बाप्पा! अन् इतके माणसं माझ्या घरात राहून राहिले होते, मले मालूमच नव्हतं वं."

केळापुरे मटकन स्टुलावर बसले. मी डोळ्यांनी त्यांना गप्प राहायला सांगत होते, पण ते बोलून गेले. "तो मळ नव्हता, वहिनी. तेच तर काम होतं त्यांचं."

वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. मग तिनं त्या गोऱ्या हमालाला उचललं, बोटानं त्याचं तोंड चोळलं, जणू आत अजून कुठे थोडं काळं असेल...

"मले सांगतलं असतं," ती म्हणाली, "तर मी धुतलं असतं का?"

केळापुरे रिकामी पेटी घेऊन गेले. प्रदर्शनात कोणीतरी म्हणालं म्हणे, 'अडाणी बाईच्या हाती लागलं, मातीमोल झालं.' ज्यानं म्हटलं तो त्या अडाणी बाईच्या हातचा चहा कितीदा प्यायला असेल, देव जाणे. मला माझ्या भावाचा राग येतो. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी त्याच्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलू शकते, तो हाताचा जादूगार होता, मला त्यानं वडिलांच्या मायेनं वाढवलं. पण एक वाक्य, फक्त एक, त्याला स्वतःच्या बायकोला सांगता आलं नाही. त्याचं स्टेशन रिठ्यानं नाही धुतलं गेलं, ते त्याच्या या अबोल्यानं गेलं. हे मी लिहिलं आहे आणि खोडणार नाही.

मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा दादानं मला एक बाकडं दिलं होतं, फलाटावरचं, बोटभर लांबीचं. तेवढं एकच धुण्यातून वाचलेलं. ते मी वहिनीकडे घेऊन गेले. तिनं हात पुढे केला नाही. "यात मळ कोणता अन् काम कोणतं, ते दाखव मले आधी," म्हणाली. मला दादाकडून ऐकलेलं जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. हा पायाशी गंज, हा पानाचा डाग, ही डोक्याचं तेल लागून झालेली काळी पाठ. वहिनीनं चष्मा लावला, बाकडं खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ पाहिलं.

"बसून बसून घासलं हे," ती म्हणाली. "या टोकाले एक, त्या टोकाले एक. मधात कोणी बसतच नव्हतं. बसायच्या फळीचे दोन्ही टोकं उजळले, मधली जागा काळीच आहे, पाह्य."

इतकी वर्षं ते माझ्या शोकेसमध्ये होतं. दादानं रंगवलेलं हे अंतर मला कधी दिसलं नव्हतं. केळापुऱ्यांनाही नाही.

बाकडं आता वहिनीच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या फळीवर आहे. मी गेले की ती ओटा पुसते, डबे पुसते, फळी पुसते. बाकड्यापाशी आली की फडकं हळूच वळवून पलीकडे नेते. हात लावू नको म्हणणारं आता घरात कोणी नाही.