भेडाघाटला मालवणी ऐकू आली

मंडळी, आज पाहुण्यांना घेऊन भेडाघाटला गेले होते. नावेच्या रांगेत मागून एका बाईचा आवाज आला, "पाण्याकडे जाव नको रे!"

मी गर्रकन वळले. माझं माहेर मालवणजवळचं. लग्न होऊन जबलपूरला आले. घरी नागपुरी वळणाची मराठी, बाहेर हिंदी. आई होती तोवर फोनवर मालवणी बोलायचे. ती गेल्यापासून तेही संपलं.

"तुमी खंयचे?" मी विचारलं.

"देवगडचे," ती हसली.

"जत्रेक अजून दशावतार होता?"

"होता तर! सगळो गाव बसता बघूक."

माझे बाबा दशावतारात राणीचं काम करायचे. साडी नेसून उभे राहिले की आईसुद्धा बघत राहायची. हे सगळं तिला सांगायचं होतं. पण मी शब्द जुळवतेय तोच ती कौतुकाने म्हणाली, "तुमी मालवणी बरी बोलतास हां. खंय शिकलास?"

मी गोंधळले. तोंडातून निघालं, "नहीं, वो मेरा मायका..."

तेवढ्यात त्यांची नाव लागली. ती हात हलवून गेलीसुद्धा.

घरी आल्यावर यांना सांगितलं, तर म्हणाले, "अच्छा, तारीफच केली ना तिनं? मग काहून रडून राहिली?"



तुमच्यात कुणी मालवणी बोलणारं आहे का? असाल तर लिहू नका, फोन करा. मी चुकले, हिंदीत घसरले तर खुशाल हसा, पण हिंदीत उत्तर देऊ नका.