बाईंचा सैल सांधा

पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या बाई निवृत्तीनंतर सुतारकाम शिकायला गेल्या, त्याही सुतार झालेल्या आपल्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या कारखान्यात. सुनेने नाक मुरडलं. बाईंनी तिकडे काणाडोळा केला.

पहिला सांधा स्टुलाचा. आडव्या पट्टीच्या टोकाला जीभ काढायची, म्हणजे कुसू, आणि ती पायातल्या खाचेत बसवायची. बाईंनी गुण्या लावून अशी रेघ मारली की सुतारही बघत राहिला. मग त्यांनी करवत बरोब्बर रेघेवरून चालवली. पण भूमितीतल्या रेघेला जाडी नसते, करवतीच्या पात्याला असते. दोन्ही बाजूंनी पात्याने आपला घास घेतला आणि कुसू खाचेत खुळखुळायला लागलं.

"असू द्या बाई, पहिलंच आहे," सुतार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर सांधा घट्ट, फटीचा मागमूस नाही. कारागीर कौतुकाने माना डोलावतायत. बाईंनी चष्मा पुसला, सांध्यापाशी नाक नेलं आणि नखाने खरवडलं. सरसात कालवलेला भुसा निघाला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कोणी केलं?"

"मीच भरलं, बाई. रंग दिला की कोणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळलं ना. चूक माझी, आणि तू ती गुपचूप लिंपून ठेवतोस? तुझी प्रमेयं मी कधी परस्पर सोडवून ठेवली होती?"

"तुम्ही मोठ्या. उगाच नाउमेद कशाला करायचं, म्हणून..."

"तुझ्या कारागिराने असा सांधा केला असता तर?"

सुतार खाली बघत पुटपुटला, "त्याच्या डोक्यात घातला असता."

"मग मी काय इथे पाहुणी आहे?"

त्यांनी लाकडी हातोडा उचलला आणि चार ठोक्यांत सांधा उखडला. नवी पट्टी ओढली.

सुतार जरा वेळ घुटमळला. मग जवळ येऊन म्हणाला, "रेघ खायची नाही, बाई. जे लाकूड टाकून द्यायचं, त्या बाजूने कापा. कापून झाल्यावरही रेघ दिसली पाहिजे."

दुपारपर्यंत कुसू झालं, पण या वेळी ते आतच शिरेना. सुताराने ते डोळ्यासमोर धरलं. त्याला गुण्या लावला.

"जाड राहिलंय. वाकडंही गेलंय. बेकार काम आहे, बाई."

कारागिरांचे रंधे थांबले.

बाई अजून धुमसतच होत्या. त्यांनी पटाशी हातात घेतली.

"कुठे वाकडं, ते दाखव."