घोळनाथाला हुंकार हवा

हुंकार नीट मिळाला नाही म्हणून गोष्टीतल्या राजाला आठवडाभर विहिरीत लोंबकळत ठेवणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच होता, आणि तो आमच्या समोरच्या घरात राहत होता. आम्ही मुलं त्यांना नक्षीवाले काका म्हणायचो. चादरीवरचे मोर, हत्ती, कमळं आधी चौकटीच्या कागदावर काढावी लागतात आणि मग मागावर चढवतात. ते कागद भरायचं काम काका एका कारखान्यात करत. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल असायची आणि ते कायम पेन्सिल शोधत असायचे. दिवसभर चौकटी भरून त्यांना सगळं जगच चौकोनी दिसायला लागलं होतं. शाळेसाठी मी त्यांच्याकडून एकदा चंद्र काढून घेतला, तर त्याला कोपरे निघाले. बाईंनी विचारलं, "ही बर्फी कशाला काढलीस?" मी घरी येऊन रडले तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "बाईस्नी म्हनावं, लांबून बघा. चादर काय कुनी नाकाला लावून बघतंय व्हय?"

एरवी लग्न झालं की बाई नवऱ्याच्या घरी जाते. काका लग्न करून काकूंच्या घरी आले, एक पत्र्याची ट्रंक आणि पेन्सिलींचा जुडगा घेऊन. काकूंचा पहिला नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दारात बसून विड्या वळून त्यांनी लेकीला वाढवलं होतं. ही लेक म्हणजे रत्ना, माझ्याच वर्गातली. गल्लीनं चार दिवस तोंडाला पदर लावून चर्चा केली आणि मग रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आल्याबरोबर सगळ्या बायका तिकडं धावल्या. रत्ना मात्र विसरली नाही. ती भांडली नाही, रुसून जेवण टाकलं नाही. ती काकांशी बोलायचीच नाही, एवढंच. काका हाताच्या अंतरावर बसलेले असत आणि ती आत ओरडायची, "आई, त्यांना सांग, पानी तापलंय." काकाही तेवढ्याच अदबीनं सांगत, "तिला म्हनावं, आलोच." काकू वैतागायच्या. "मी काय टपालखातं हाय का?" म्हणायच्या.

काकांनी प्रयत्न सोडले नाहीत, पण त्यांच्या प्रयत्नांना काही तरी शाप होता. रत्नासाठी त्यांनी कारखान्यातून उरलेलं कापड आणून फ्रॉक शिवून घेतला. कापड चादरीचं, महिना चैत्राचा, आणि सोलापूरचं ऊन तर तुम्हाला ठाऊकच आहे. शिवाय कापडावरचा मोर कापताना आडवा झाला होता. तो फ्रॉकवर झोपून गेल्यासारखा दिसायचा. रत्नानं फ्रॉक घडी घालून पाण्याच्या माठाखाली ठेवला. काका पाणी प्यायला गेले, मोराकडे बघितलं आणि म्हणाले, "गार जागा मिळाली बिचाऱ्याला." त्यांना राग येत नसे. कधी कधी वाटायचं, थोडा आला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मिलचा भोंगा झाला की काका ओट्यावर येऊन बसत आणि आम्ही गोष्टीसाठी गोळा होत असू. प्रत्येक वाक्यानंतर ऐकणाऱ्यानं "हं" म्हणायचं, म्हणजे सांगणाऱ्याला समजतं की कोणी तरी ऐकतंय. हा रिवाज घरोघरी असतो, पण काकांनी त्याचं पार कायद्यात रूपांतर केलं होतं. कुणाचाही हुंकार त्यांना चालत नसे. बंड्या "हं" म्हणता म्हणता झोपायचा. सुलीचं लक्ष कुल्फीवाल्याच्या घंटीकडे. "तुझा हुंकार पोकळ हाय," असं तोंडावर सांगून त्यांनी सुलीला कायमचं काढून टाकलं. शेवटी माझी नेमणूक झाली. राजावर ती विहीरही माझ्यामुळेच ओढवली, कारण त्या आठवड्यात मी मामाच्या गावी गेले होते. काका मूळचे अक्कलकोटकडचे, म्हणून त्यांचा राक्षस नेहमी कानडीतून "यारू?", म्हणजे "कोण?", असं दरडावायचा आणि आम्ही एकमेकांना चिकटून बसायचो. रत्ना आमच्यात येत नसे. ती उंबऱ्याच्या आत, आमच्याकडे पाठ करून, आईसाठी विडीची पानं कातरत बसायची. पण गोष्ट रंगली की कातर थांबायची. काकांचा एक कान त्या कातरीकडे असायचा, हे मला फार उशिरा समजलं.

एके दिवशी त्यांनी घोळनाथाची गोष्ट काढली. एक राणी होती, तिचा राजा देवाघरी गेला, मग तिनं घोळनाथ नावाच्या जादूगाराशी लग्न केलं आणि राजकन्येला सावत्र बाप आला. बंड्यानं तिथंच हरकत घेतली. "गोष्टीत सावत्र आई असती, बाप नसतोय!" काका म्हणाले, "आता हाय. ऐकायचं तर ऐक." घोळनाथाची जादू जोरदार होती, पण मंत्राचा एखादा शब्द तरी तो चुकायचाच. राजकन्येचे केस लांब व्हावेत म्हणून मंत्र म्हटला, तर त्याच्याच मिशा अंगणभर वाढल्या आणि दासींनी त्यावर धुणं वाळत घातलं. पेढ्यांचा पाऊस पाडायला गेला, कांदे पडले; सगळा दरबार रडला. राजकन्येला ताप आला तेव्हा त्यानं तो उतरवला खरा, पण ताप गेला राजवाड्याच्या भिंतींत, आणि महिनाभर लोक भिंतीला भाकऱ्या थापून कडक करून नेत होते. आम्ही हसून हसून ओट्यावरून खाली पडत असू. राजकन्या मात्र त्याच्याशी एक शब्द बोलत नसे.

"तिला बोलकं करायचा मंत्र त्याला येत न्हाय का?" मी एकदा न राहवून विचारलं.

"येतो की. त्यो एकच मंत्र त्याला बिनचूक येतो."

"मग म्हनत का न्हाय?"

काकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. "मंत्रानं बोलली तर ती बोलली कुटं? मंत्र बोलला की." आत कातर थांबली होती.

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत काकू आमच्या आईपाशी येऊन रडल्या. काका म्हणत होते, कारखान्यात एक खोली मिळतेय, तिकडं राहतो. पोरीला तिच्या घरात मोकळं वाटंल. ट्रंक माळ्यावरून खाली आली होती. दारातून जाता-येता ती आम्हाला दिसायची, रत्नालाही दिसतच असणार.

त्या संध्याकाळी काका नेहमीसारखे ओट्यावर बसले, पण गोष्टीत कांदे नव्हते की मिशा नव्हत्या. घोळनाथानं ठरवलं होतं, आपण दिसेनासं व्हायचं, म्हणजे राजकन्येला राजवाड्यात मोकळं फिरता येईल. त्यानं मंत्र म्हणायला सुरुवात केली. पाय गेले. गुडघे गेले. पोट गेलं. राहिलं नुसतं डोकं. "आता शेवटचा शब्द म्हनायचा राहिला," काका म्हणाले आणि हुंकारासाठी थांबले.

आदल्या दिवशी यात्रेत पाळण्यात बसून मी इतकी किंचाळले होते की माझा घसा पार बसला होता. मी तोंड उघडलं, नुसती हवा निघाली. बाकीची पोरं "हं! हं!" करून ओरडायला लागली.

"ह्यो हुंकार न्हाय, बाजार हाय," काका म्हणाले. पण आवाजात नेहमीची गंमत नव्हती. त्यांनी एका पायात चप्पल सरकवली. "ऱ्हाऊ द्या. इतंच संपली म्हना."

"हं," आतून आवाज आला.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही. एका पायात चप्पल तशीच ठेवून ते हळूहळू खाली बसले. "मग त्यानं शेवटचा शब्द म्हटला," ते म्हणाले, "आनि..."

"आनि त्यो चुकला!" रत्ना कातर हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. तोंड लालभडक झालं होतं. "कुटला मंत्र बरोबर आलाय त्याला आजवर? ह्योच बरा बरोबर येईल! तुमी कायबी सांगताय."

हे ती आईला सांगत नव्हती, सरळ काकांकडे बघून सांगत होती. "मग पुढं काय झालं?" म्हणून आम्ही गलका केला तरी काका आपले पेन्सिल शोधत राहिले. रत्नानं थोडी वाट बघितली, मग वैतागून ओट्यावर येऊन बसली आणि स्वतःच सांगायला लागली. मंत्र चुकला, त्यामुळं घोळनाथ परत दिसायला लागला, पण पोट आलं पाठीकडून आणि गुडघे बसले उलटे. त्याला चालता येईना. मग राजकन्येनंच त्याला धरून एकेक अवयव सरळ बसवला आणि म्हणाली, आता कुटं जायाचं न्हाय, गप घरात बसायचं. काका "हं, हं" करत होते, तेही नको तिथं, वाक्याच्या मध्येच, नाक ओढत. इतके वाईट हुंकार मी जन्मात ऐकले नाहीत.

"नीट द्या की," रत्ना त्यांना म्हणाली. दारात उभ्या असलेल्या काकू एकाच वेळी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

ट्रंक दुसऱ्याच दिवशी माळ्यावर गेली. काकांनी पुढं आम्हाला खूप गोष्टी सांगितल्या, पण घोळनाथाची कधी सांगितली नाही. ती आता रत्नाची, असं म्हणायचे. रत्नाही त्यांना अप्पा म्हणायला लागली होती. काका जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. इतका मायाळू माणूस मला परत भेटला नाही. परवा रत्ना आली होती, तेव्हा मी तिला म्हटलं, ती गोष्ट एकदा लिहून तरी काढ.

"नको बाई," ती म्हणाली. "लिवली की कुनीतरी चुका काढनार. सगळे मंत्र बरोबर झाले, तर अप्पा त्यात उरनार न्हाईत."