चावी काडली का?

माझ्या खालच्या ओठावरचा व्रण तुळसाबायने दिलेला आहे. सातपाटीची ही मासळीवाली रोज माझ्या टेम्पोतून पाट्या घेऊन बोईसरच्या बाजारात यायची. टेम्पो थांबला की पहिला प्रश्न, "चावी काडली का?" चावी तशीच ठेवून उतरलेल्या एका ड्रायव्हरच्या टेम्पोची काच तिने दगडाने फोडली होती. तो भांडायला आला, तर दुसरीही फोडली. मी धुळ्याहून नवा आलेलो. बाई वेडी आहे, असंच धरून चाललो होतो.

एका सकाळी माझ्या चार वर्षांच्या सईला सोबत आणलं. तिच्यासाठी गाणी सुरू राहावीत म्हणून चावी तशीच ठेवून, टेम्पो गिअरमध्येच टाकून मी चहाला उतरलो. चार पावलं गेलो नसेन, तोच तराजूचं किलोचं वजन तोंडावर बसलं. तुळसाबायने ते मुठीत धरूनच मारलं होतं. मीही रागाने तिला ढकललं. ती पडली, उठली आणि परत अंगावर आली. चौघांनी धरलं तेव्हा कुठे थांबली.

मग चाकाला टेकून बसली आणि सांगू लागली. तिचा प्रकाश तीन वर्षांचा असताना नवऱ्याच्या टेम्पोत असाच बसवला होता. खेळता खेळता त्याने चावी फिरवली. टेम्पो पहिल्या गिअरमध्ये होता. त्याने एकदम पुढे उसळी घेतली. समोर भिंतीला पाठ लावून तिची धाकटी बहीण हिरा बोंबील निवडत होती.

"छातीचा पार चेंदा झालेला. पोर आत टाळ्या पिटत होतं," ती म्हणाली. "चावी काडू नको, गाणं ऐकत बसंल, असं मीच नवऱ्याला बोललेली."

प्रकाशला तिने सांगितलं होतं, मावशी तापाने गेली. गावालाही बजावलं होतं, "पोरानं नाय मारली. चावी ठेवली त्यानं मारली." एका चुलत दिराने दारूच्या भरात प्रकाशसमोर तोंड उघडायला घेतलं, तर वाक्य पुरं व्हायच्या आत तिने कोयत्याने त्याचा अर्धा कान उतरवला.

गेल्या वर्षी तुळसाबाय गेली. स्मशानातून परतताना प्रकाश माझ्या शेजारी बसला होता. तो आता तारापूरला फिटर आहे. मी म्हटलं, "तुझ्या आईचा हात फार जड होता."

तो म्हणाला, "हिरामावशीचं मला ठाव हाय, दादा. दुसरीत होतो, शाळेत पोरांनी सांगितलं. आईला कदी कळू दिलं नाय. तिला सोसलं नसतं."