कारणाच्या रकान्यात शशिधरराव

शशिधरराव पोंक्षे यांच्याबद्दल लिहावं असं सहा वर्षं मनात आहे आणि सहा वर्षं मी ते टाळतो आहे. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहावं लागतं, आणि तिथेच माझं घोडं पेंड खातं.

माणूस बुटका, बोलायला हळू, हाताला स्वच्छ. ब्रिस्टलच्या एका इंजिन कारखान्यात बारा वर्षं काढली, त्र्याऐंशी साली तिथली नोकरी गेली. मग गावाबाहेरच्या एका जपानी मालकीच्या कारखान्यात इन्स्पेक्टर म्हणून लागले. आम्ही तिथे मोटारींचे हीटर बनवायचो. मी ‘आम्ही’ म्हणतो, कारण मलाही त्यांनीच तिथे चिकटवलं. सत्त्याऐंशीत मी आणि माझी बायको शैला लीड्सहून आलो ते बेकार होऊन. अकरा आठवडे आम्ही त्यांच्या पुढच्या खोलीत राहिलो. उल्कावहिनी हॉस्पिटलची रात्रपाळी करून आल्या की आधी आमचा चहा टाकायच्या, मग झोपायला जायच्या.

माझ्याकडे डिग्री होती, त्यांच्याकडे डिप्लोमा. दोन वर्षांत मी सेक्शनचा प्रमुख झालो आणि ते माझ्या हाताखाली आले. त्यांना याचं काही वाटलं नाही. मलाच त्यांच्यावर साहेबी करायला अवघड जायचं, म्हणून मी ती जरा जास्तच करायचो.

कारखान्याचे मॅनेजर नाकाजिमा-सान. आमच्यासारखंच करडं जॅकेट घालायचे, कॅन्टीनच्या रांगेत उभे राहायचे, जमिनीवर कपटा दिसला तर स्वतः उचलायचे. सकाळी कामाआधी सगळ्यांनी कवायत करायची. इंग्रज कामगार हसायचे, मीही हसायचो. शशिधरराव मात्र मनापासून हात वर करायचे. एकदा म्हणाले, “इथे हत्यार जागच्या जागी ठेवलं तर कोणी चेष्टा करत नाही रे. मला हे बरं वाटतं.”

नव्वदच्या नोव्हेंबरातला एक गुरुवार. स्क्रू ठरल्याइतका घट्ट बसवणारा एक पाना असतो. तो दर गुरुवारी तपासून घ्यायचा असा नियम होता.

“गिरीश, पाना चेक करायचाय,” ते म्हणाले. “वीस मिनिटं लाइन थांबवावी लागेल.”

“आज नको. तीनला लॉरी जाणार आहे, ऑलरेडी बिहाइंड आहोत आपण. मंडेला करा.”

“अरे, बरोबर नाही ते.”

“शशिधरराव, मी सांगतोय ना? रिस्पॉन्सिबिलिटी माझी.”

हे शेवटचं वाक्य मी अगदी रुबाबात म्हटलं होतं.

पुढच्या आठवड्यात दोनशे चाळीस हीटर परत आले. सगळ्यांचे स्क्रू ढिले. त्यावर एक फॉर्म भरायचा असे: काय घडलं, कारण काय, उपाय काय. फेब्रुवारीत आमच्यातल्या एकाला तीन आठवडे जपानला पाठवणार होते आणि माझं नाव जवळजवळ पक्कं होतं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘इन्स्पेक्टर पोंक्षे यांनी पाना तपासला नाही.’ एक अक्षरही खोटं नाही. असं खरं लिहायला फार हलकट माणूस लागतो.

नाकाजिमा-सान फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आले. “गिरीश-सान, मी कारण विचारलं होतं,” ते शांतपणे म्हणाले. “हे तर माणसाचं नाव आहे.” मग त्यांनी मला त्यांची पद्धत पुन्हा समजावली. कोणी केलं ते विचारायचं नाही, का झालं ते विचारायचं, आणि पाच वेळा विचारायचं. स्क्रू ढिला का? पाना बिघडला म्हणून. पाना बिघडलेला का राहिला? तपासला नाही म्हणून. का तपासला नाही? तिसऱ्याच प्रश्नाला उत्तर म्हणून मी उभा होतो. मी म्हणालो, आठवण करून देणारा फलक भिंतीवर नाही म्हणून. त्यांना ते पटलं. पण पहिल्या फॉर्मची प्रत तोवर आमच्या इंग्रज पर्सोनेल मॅनेजरकडे पोचली होती, आणि त्याने आपल्या पद्धतीप्रमाणे शशिधररावांना लेखी वॉर्निंग दिली.

शुक्रवारी सगळ्यांना लाइनपाशी बोलावलं. नाकाजिमा-साननी टोपी काढली आणि आम्हा कामगारांपुढे कमरेत वाकले. चूक व्हावी अशी व्यवस्था मी ठेवली, म्हणाले, याबद्दल माफ करा. मग त्यांनी शशिधररावांना विचारलं, का राहिलं तपासायचं? 

“विसरलो,” शशिधरराव म्हणाले.

कार पार्कमध्ये मी त्यांना गाठलं. “असं का सांगितलंत?”

“जाऊ दे रे. शैला केव्हापासून सांगतेय तू जपानला जाणार म्हणून. माझं काय, एक वॉर्निंग. वर्षाने रद्द होते.” 

मी त्यांचा हात हातात घेतला. घेऊन सोडून दिला.

जपानमध्ये काय बघितलं म्हणाल, तर एक फोरमन. काम बिघडल्यावर पाच मिनिटांत तीन माणसांसमोर तो ‘माझी चूक’ म्हणाला आणि त्याचं काहीच वाकडं झालं नाही. मी ते वहीत लिहून घेतलं.

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात मंदी आली आणि चाळीस जणांना कमी करायचं ठरलं. ज्यांच्या फाइलमध्ये वॉर्निंग, ते आधी. यादी आम्हा सेक्शनप्रमुखांना आठवडाभर आधी दाखवली. शशिधररावांचं नाव सहावं होतं. आठवडा हातात होता. मी एकदा नाकाजिमा-सानच्या दारापर्यंत गेलो. ते फोनवर होते, मी परत फिरलो. फोन काय, संपतोच की.

बावन्नाव्या वर्षी शशिधरराव घरी बसले. पुन्हा कुठे लागले नाहीत.

सप्टेंबरात, गणपतीनंतर, महाराष्ट्र मंडळाने माझं भाषण ठेवलं: ‘जपान्यांकडून आपण काय शिकावं’. नाही म्हणता आलं असतं. पण मी हो म्हणालो, नवा टायही घेतला. चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या शशिधररावांनी मांडल्या होत्या. चाळीस मिनिटं बोललो. ते ‘कोणी’ विचारत नाहीत, ‘का’ विचारतात, हे वाक्य दोनदा म्हटलं.

नंतर प्रश्न झाले. त्यांची मुलगी मीनल उठली. इथेच जन्मलेली, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

“काका, तुमच्या फॅक्टरीमध्ये कोणी असा कधी केला का? आय मीन, उभा राहून सांगितला, की माझा चूक आहे?”

हॉल माझ्याकडे बघत होता. तोंड उघडायचं होतं, एवढंच. नोकरी कुणाची जाणार नव्हती. जी जायची ती गेली होती.

मी नवा टाय सारखा करत राहिलो. शशिधरराव दुसऱ्या रांगेतून म्हणाले, “अगं, मीच सांगितली होती एकदा.” तेव्हाही ते मलाच सोडवत होते.

“हो,” मी म्हणालो. “शशिधररावांनी सर्वांसमोर चूक कबूल केली होती. याला धैर्य लागतं. आपण सगळ्यांनी हेच शिकायला हवं.”

आणि मी टाळी वाजवली. मग सगळा हॉल वाजवायला लागला. मीनल वडिलांकडे बघून हसत होती. उल्कावहिनी चहाच्या टेबलाशी उभ्या होत्या. त्या एकट्या टाळी न वाजवता कप मांडत राहिल्या.