सातवा माणूस

एकोणिसाव्या वर्षी एवर्ट हेडमान उत्तरेकडच्या लिल्ट्रेस्क गावच्या लाकूडगिरणीतून उठला आणि दक्षिणेतल्या एका मोठ्या फुटबॉल क्लबात गेला. अकरा वर्षं त्यानं डाव्या बगलेचा बचाव सांभाळला. त्या बाजूनं आत शिरलेला गडी लंगडतच बाहेर यायचा, असं गावात अजून सांगतात. पुढं त्याचाच गुडघा गेला. गावी परतून तो गावच्या टीमचा कोच झाला, त्यालाही आता एकतीस वर्षं झाली.

दक्षिणेत राहूनही त्याची एक खोड गेली नव्हती. या मुलखात 'हो' म्हणायचं तर ओठांचा चंबू करून वारा आत ओढतात. ते 'हो' असतं, 'ऐकतोय' असतं, 'बोल पुढं'ही असतं. जूनमध्ये लीगच्या कचेरीतल्या माणसानं फोनवर विचारलं, पावसात बुडालेली मॅच सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी घ्यायची का? एवर्ट कॉफी ओतता ओतता तीनदा वारा ओढत ऐकत राहिला.

पहिला सोमवार म्हणजे एल्क हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. लीगचं पत्र हातात पडल्यावर त्यानं कचेरीत फोन लावला.

"तारीख बदला हो. त्या दिवशी गावात मांजरसुद्धा सापडायचं नाही."

"तुम्हीच हो म्हणालात. एकदा नाही, तीनदा. मी दक्षिणेचा असलो तरी तुमचं ते वारा ओढणं शिकलोय."

"अहो, मी नुसतं ऐकत होतो."

"आता ऐकलंत ना? सगळं छापून झालंय."

वसंतात एकदा टीम उतरवता आली नव्हती. पुन्हा तसं झालं, तर लीगमधून नाव काढणार होते. तसं झालं की क्लब संपलाच. हरलं तरी चालणार होतं. नियमानं किमान सात माणसं मैदानात हवीत, ती नव्वद मिनिटं टिकली की झालं.

कॅप्टन येर्केर अंगणात बंदूक पुसत बसला होता.

"एकच दिवस दे, येर्केर."

"कोच, बाप मेला त्या आठवड्यात मी खेळलो. पण पहिला सोमवार मागू नकोस."

शेवटी सहा जमले: शाळामास्तर, पाद्री, वृद्धाश्रमातला नर्स आणि सीरियाहून आलेले तिघे भाऊ, ज्यांना शिकारीला कुणी बोलावलंच नव्हतं. सातवं नाव एवर्टनं स्वतःचं लिहिलं. वय एकसष्ट.

"गुडघ्यात लोखंड आहे तुझ्या," बायको गुनवोर म्हणाली.

"उभा तर राहीन ना."

"खांबही उभाच असतो. पण त्याला चेंडू दिसत नाही, तुला दिसतो."

एकाहत्तर मिनिटं तो खरंच खांबासारखा उभा राहिला. टीमवर पाच गोल चढले. समोरची पोरंही त्याला वळसा घालून जात होती, म्हाताऱ्याचा मान म्हणून. मग त्यांचा एक उंच पोरगा चेंडू घेऊन डाव्या बगलेनंच आला, अगदी हळू. एवर्टनं काही ठरवलं नव्हतं. पाय आपसूक गेला. पोराला धक्काही न लागता चेंडू रेषेपार गेला आणि एवर्ट खाली बसला.

"उठता येईल?" पंचानं विचारलं.

पाद्री आणि मास्तरनं बगलेत हात घालून दोनदा उचललं. दोन्ही वेळा पाय दुमडला. पंच घड्याळाकडं बघत बराच वेळ थांबला. "सहाच उरलात. माझ्या हातात नाही रे, एवर्ट," म्हणाला आणि त्यानं शिट्टी वाजवली. एकोणीस मिनिटं उरली होती.

पाद्री त्याच्याशेजारी गवतावर टेकला. "चेंडू मात्र काय सुरेख काढलास," म्हणाला.

"काढायचाच नव्हता," एवर्ट म्हणाला.