नाही म्हणणं आणि खोटं ठरवणं

ती गोष्ट आठवली की आजही माझं डोकं फिरतं, आणि फिरतं ते स्वतःवरच.

ऐंशीच्या दशकात मी मध्य प्रदेशातल्या सौसर ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. जानेवारीत रामाकोन्याकडचे एक संत्रा बागायतदार, गावात सगळे त्यांना पाटील म्हणत, फिर्याद घेऊन आले. संध्याकाळपर्यंत बगीच्याला पाणी दिलं आणि सकाळी पाहतात तर विहिरीवरची मोटर गायब. संशय त्यांच्याच सालदारावर, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यावर. हा सालदार बौद्ध वस्तीतला, मॅट्रिक झालेला. पांढुर्ण्याच्या एका शाळेत त्याला चपराशाची नोकरी लागली होती. महिनाअखेर रुजू व्हायचं होतं आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता.

त्याला बोलावलं. तो म्हणाला, "नाही साहेब, मोटरले म्या हात बी नाही लावला. मी काम सोडून चाललो म्हनून पाटील मले अडकवून राहिले."

पाटलांना विचारलं. ते खुर्चीत रेलूनच म्हणाले, "साफ खोटं हाय." संपला आमचा तपास!

त्या वेळचे आमचे मोठे साहेब दक्षिणेकडचे. त्यांना अहवाल इंग्रजीत लागे. मी ऐटीत लिहिलं की सालदाराने चोरीचा आरोप 'डिनाय' केला आणि पाटलांनी अडकवल्याचा आरोप 'रिफ्यूट' केला. हा दुसरा शब्द आम्ही सर्रास वापरायचो. वजनदार वाटायचा, बस.

चार दिवसांनी अहवाल परत. 'रिफ्यूट'खाली लाल पेन्सिलीची रेघ आणि बाजूला प्रश्न, कशाच्या आधारे? मी जाम वैतागलो. इथे माणसं कमी, जीप बंद, आणि साहेब शाळामास्तरासारखे शब्द तपासत बसलेत! तरी शब्दकोश उघडला. 'डिनाय' म्हणजे नाकारणं. 'रिफ्यूट' म्हणजे पुरावा देऊन खोटं ठरवणं. पाटलांनी कोणता पुरावा दिला होता? दोघांनी सारखंच 'नाही' म्हटलं होतं. एकाने बसून, एकाने उभ्याने.

त्याच दुपारी सालदाराची बायको ठाण्यात आली. ठाण्याची लिखापढी पाहणारा मुन्शी तिला फाटकातूनच पिटाळत होता. ती त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहून ओरडली, "साहेब, बगीचा महिन्यापासून ताणावर हाय! पाटलानं पानी कोनाले देलं, धुऱ्याले?"

मला काही उमगेना. मी शहरात वाढलेला. संत्रं सोलून खाण्यापलीकडे माझं ज्ञान नव्हतं. मग मुन्शीच ओशाळून बोलला. धुरा म्हणजे शेताचा बांध. आंबिया बहार यावा म्हणून या दिवसांत झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. तेव्हा मोटर रिकामीच असते, म्हणून लोक तिची दुरुस्तीही याच दिवसांत उरकतात. इतके दिवस हा गृहस्थ गप्प का होता, विचारलं तर म्हणे, "तुम्ही विचारलंच नाही, साहेब."

दुसऱ्या दिवशी शेतावर गेलो. झाडांच्या आळ्यांत माती भेगाळलेली, पाटात वाळका पाला. तिथून थेट लोधीखेड्याचं मोटर वायंडिंगचं दुकान गाठलं, त्या भागातल्या जळलेल्या मोटरा तिथेच दुरुस्तीला जात. मोटर कोपऱ्यातच होती.

मिस्त्री म्हणाला, "जळली होती. पाटलानंच आनून देली." मोटरला पाटलांच्या सहीची चिठ्ठी बांधलेली होती, चोरीच्या चार दिवस आधीची.

ती चिठ्ठी पंचनामा करून जप्त केली आणि पाटलांसमोर ठेवली. आधी ते आवाज चढवून बोलले. मग खाली पाहत म्हणाले, "तो गेला तं बगीचा कोन पाहीन, साहेब? नोकरी हुकली असती तं राहिला असता."

एका माणसाचं आयुष्य अडवायला एवढं कारण पुरलं होतं, आणि माझ्या एका शब्दाने त्याला हातभार लावला होता. त्यांच्यावर खोट्या फिर्यादीची कारवाई केली. नवा अहवाल लिहिला की पाटलांचा आरोप रिफ्यूट झाला आहे, आणि खाली आधार नोंदवले: कोरडी आळी, मोटर, चिठ्ठी. या वेळी लाल रेघ आली नाही.

त्यानंतर नोकरीभर 'नाही' हे उत्तर आलं की मी ते कोणाचं आहे हे पाहण्याआधी त्यामागे काय आहे ते पाहू लागलो. सवय चांगली लागली, पण ती लागायला कोणाची तरी नोकरी टांगणीला लागावी लागली, याचा राग अजून जात नाही.

पडताळणीचा कागद घ्यायला सालदार आला, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "तू निर्दोष आहेस, हे सिद्ध झालं."

त्याने कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवला. म्हणाला, "मी तं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, साहेब."